डोळ्यातला जंत, कातडीखालचा जंत: व्हिडिओ पाहून धसका घेतलेल्यांसाठी

स्लाइडवाला

'डोळ्यातून जिवंत जंत काढला' हा व्हिडिओ मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला आणि शेवटी बायकोच्या भिशीच्या ग्रुपवरूनही आला. खाली सल्ले ठरलेले. कोबी बंद करा, कुत्र्याला हात लावू नका, घरातल्या सगळ्यांनी आजच्या आज जंताची गोळी घ्या. मेडिकल कॉलेजात परजीवी शिकवता शिकवता मी निवृत्त झालो. असे जंत बाटलीतून माझ्या टेबलावर यायचे, त्यामुळे या विषयावर चार ओळी लिहायचा हक्क आहे असं समजतो.

व्हिडिओ खरा असू शकतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ पापुद्रा असतो. आपल्याकडे त्याखाली जो लांबलचक जंत सापडतो तो बहुतेक वेळा डायरोफायलेरिया रेपेन्स. हा मुळात कुत्र्याचा. कुत्र्याच्या कातडीखाली नर-मादी राहतात, त्यांची सूक्ष्म पिल्लं कुत्र्याच्या रक्तात फिरतात, डास ते रक्त पितो, डासाच्या अंगात पिल्लं तयार होतात आणि तोच डास आपल्याला चावला की एखादं आपल्यात उतरतं. म्हणजे कुत्र्याला हात लावून हा जंत येत नाही, डासाशिवाय त्याचं काही चालत नाही. माणसात बहुधा तो एकटाच असतो. जोडीदार नाही, वंश नाही, रक्त तपासलं तरी पिल्लं सापडत नाहीत. नुसता कातडीखाली हिंडत राहतो आणि हिंडता हिंडता डोळ्याशी आला की माणूस आरशासमोर किंचाळतो. केरळातून असे रुग्ण बरेच नोंदले गेलेत, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आणि महाराष्ट्रातूनही. बाहेर बघायचं तर श्रीलंका आणि इटली.

डोळ्याचे डॉक्टर तो सलाइनच्या बाटलीत पाठवायचे, तेव्हा कधीकधी आत वळवळ चालू असायची. पांढरा, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड, मादी असेल तर दहा ते सतरा सेंटिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अंगावर लांबीच्या दिशेने बारीक कडा दिसतात. त्या दिसल्या की बहुतेक निकाल लागला. कुत्र्याच्या हृदयात राहणारा त्याचा भाऊबंद असतो, त्याच्या अंगावर बाहेरून या कडा नसतात. हे बघायला विद्यार्थ्यांची रांग लागायची, एरवी तासाला झोपणाऱ्यांचीसुद्धा.

उपचार काय, तर भुलीचे थेंब, पापुद्र्याला बारीक छेद आणि चिमट्यात धरून सावकाश ओढणं. अख्खा निघाला की काम झालं. गोळ्यांची सहसा गरज पडत नाही.

आता मला जे सांगायचंय ते. इतके जंत पाहून माझं मत असं झालंय की जिवंत जंत शरीराला फारसा खुपत नाही. भानगड सुरू होते तो मेला की. जिवंत असेपर्यंत तो आपल्या रोगप्रतिकारशक्तीला हातोहात चकवत असतो. मेला, फुटला, की आतला माल बाहेर पडतो आणि शरीर चवताळून उठतं. कातडीखाली याच रेपेन्सची गाठ होते ना, ती कापून पाहिली तर आत बहुधा मरायला टेकलेला किंवा मेलेला जंत असतो आणि भोवती सुजेचा जाड थर.

याचं सगळ्यात क्रूर उदाहरण आफ्रिकेतलं आहे. तिथे वेगाने वाहणाऱ्या नद्यांकाठी सिम्युलियम नावाची बारकी काळी माशी असते. तिच्या चाव्यातून ऑन्कोसर्का हा जंत येतो आणि हा खास माणसाचाच. मोठे जंत कातडीखालच्या गाठींत दहा-पंधरा वर्षं पडून राहतात. मादी जन्मभर पिल्लं सोडत राहते, ती कातडीत आणि डोळ्यात पसरतात. ही पिल्लं मरायला लागली की त्यांच्या अंगातले वोल्बाकिया नावाचे जिवाणू बाहेर पडतात, सूज येते, पुन्हा येते, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा वर्षानुवर्षांत पांढरा होत जातो. अंगाला खाज इतकी की लोक दगडाने खाजवतात. नडगीचा रंग जाऊन पांढरे ठिपके पडतात. पश्चिम आफ्रिकेत चांगली काळी जमीन सोडून गावंच्या गावं नदीपासून उठून गेली होती. १९७४ मध्ये तिथे मोठी मोहीम सुरू झाली, हेलिकॉप्टरमधून नद्यांत अळीनाशक टाकत. मग आयव्हरमेक्टिन आलं. जपानच्या सातोशी ओमुरांनी इतो शहराजवळच्या गोल्फ मैदानालगतची माती उचलली, त्यातल्या जिवाणूपासून विल्यम कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी औषध केलं, ते आधी गुराढोरांना दिलं जायचं. १९८७ मध्ये मर्क कंपनीने हे औषध या रोगासाठी लागेल तेवढं फुकट देऊ असं जाहीर केलं आणि तो शब्द पाळला. ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा या रोगातून मुक्त ठरलेला आफ्रिकेतला पहिला देश झाला. भारतात हा रोग नाही.

तेव्हा 'सगळ्यांनी गोळी घ्या' म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: कुठला जंत, कुठे बसलाय, किती आहेत, हे न बघता मारायचा म्हणजे काय करायचं? विचारा काय विचारायचं ते.

मुक्काम_पोस्ट

जेवताना धागा उघडला. आमटी तशीच राहिली. _/\_

ओवी_क

सर, माझ्या डोळ्यासमोर बारीक धाग्यांसारखं काहीतरी तरंगतं. आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की जास्त. पकडायला जावं तर निसटतं. तुमचा धागा वाचल्यापासून झोप उडालीय.

स्लाइडवाला

ओवी, झोपा निवांत. डोळ्याच्या आत पारदर्शक जेली असते, वयाने किंवा जास्त नंबरमुळे तिच्यात धागे-ठिपके तयार होतात आणि त्यांची सावली पडद्यावर पडते. नजर फिरवली की ते फिरतात. जंत तुमच्या नजरेच्या तालावर नाचत नाही. मात्र एकदम पुष्कळ ठिपके आले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने काळा पडदा सरकायला लागला, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. तिथे जंताचा काही संबंध नसतो, पडदा फाटलेला असू शकतो.

विषुववृत्त

गॅबनमधून लिहितोय. लिब्रव्हिलजवळ न्कोकच्या औद्योगिक क्षेत्रात लाकडाच्या कारखान्यात आहे. सर, तुमच्या लेखात लोआ लोआ हा इथला जंत कसा नाही? इथे खेड्यांत डोळ्यातला जंत ही बातमीच नाही.

आमच्याकडे ओंडके मोजणारा एक स्थानिक गडी होता. एकदा हजेरीला आला तो डोळा चोळतच. जवळून पाहिलं तर नाकाच्या बाजूने एक रेघ बुबुळाकडे सरकत होती, वाकडी व्हायची, सरळ व्हायची. माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणाला, थोड्या वेळात जाईल. खरंच गेली. डोळा लाल राहिला तेवढाच. त्याच्या आईलाही असंच होतं म्हणे.

आमच्या एका सांगलीकर सहकाऱ्याला जंत कधी दिसला नाही, पण मनगट सुजून घड्याळाचा पट्टा बसेना. दोन-चार दिवसांत उतरली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोपराला. तो युरिक ॲसिडच्या गोळ्या खात बसला होता. इथल्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, रक्त द्यायला दुपारी या. सकाळच्या रक्तात सापडत नाही.

चावणारी माशी लालसर असते, दिवसा चावते आणि लाकडाच्या धुराकडे ओढली जाते. म्हणजे डास पळवायला जो धूर करावा तोच हिला आवतण देतो.

स्लाइडवाला

विषुववृत्त, लोआला वेगळा प्रतिसाद द्यायचा म्हणूनच ठेवला होता, तुम्ही दार उघडून दिलंत.

ती क्रायसॉप्स माशी. वर्षावनात झाडांच्या शेंड्यांवर असते, रबराच्या मळ्यांतही. मोठा जंत कातडीखाली दहा-पंधरा वर्षं सहज फिरतो, आणि फिरता फिरता वाटेत डोळा लागतो एवढंच. तुमच्या मित्राची सूज म्हणजे 'कालाबार सूज', नायजेरियातल्या कालाबार गावावरून. जंताने मागे टाकलेल्या मालावर शरीराने काढलेला राग.

रक्ताच्या वेळेची मजा बघा. लोआची माशी दिवसा चावते, म्हणून त्याची पिल्लं भर दुपारी रक्तात वर येतात. आपल्या हत्तीरोगाचा डास रात्री चावतो, म्हणून त्याची पिल्लं रात्री. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मंडळींना आठवत असेल, आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा दार वाजवून बोटाला सुई टोचतात. लोक वैतागतात, पण दुपारी घेतलं तर काचपट्टीवर काही दिसणारच नाही.

आणि इथे माझा मूळ मुद्दा येतो. मध्य आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वासाठी, म्हणजे वरच्या ऑन्कोसर्कासाठी, आयव्हरमेक्टिन वाटायला लागले, तेव्हा काही लोक गोळीनंतर बेशुद्ध पडले, काही दगावले. त्यांच्या रक्तात लोआची पिल्लं अतोनात होती. एका मिलिलिटरमध्ये तीस हजारांच्या वर असली की धोका फार. गोळीने ती एका झटक्यात मेली आणि मेंदूला त्याचा तडाखा बसला. परिणाम असा झाला की ज्या भागात दोन्ही रोग एकत्र आहेत, तिथे वाटपच अडकलं. मग मोबाइलला जोडायचं एक छोटं यंत्र निघालं, लोआस्कोप. बोटातलं थेंबभर रक्त, त्याचा व्हिडिओ, वळवळीवरून पिल्लांची मोजणी, दोन-तीन मिनिटांत उत्तर. कॅमेरूनमध्ये २०१५ साली ते वापरून पंधरा हजारांवर लोकांना गोळी दिली आणि ज्यांच्या रक्तात पिल्लांची गर्दी होती त्यांना वगळलं. मेंदूवर परिणाम झालेला एकही रुग्ण निघाला नाही. मला विचाराल तर गेल्या पंचवीस वर्षांतलं या विषयातलं हे सगळ्यात हुशार काम.

पेठेतला_पंत

कोविडात आमच्या बिल्डिंगमध्ये हीच गोळी चिठ्ठीशिवाय डबाभर आणून वाटली होती. मी दोन कोर्स केले.

स्लाइडवाला

पंत, तुम्ही कॅमेरूनच्या जंगलात राहत नाही हे तुमचं नशीब. कोविडवर तिचा उपयोग नाही हे नीट केलेल्या चाचण्यांतून पुढे आलंच.

बोरीबाभळी

मराठवाड्यातली आहे. माझ्या आजीच्या घोट्याच्या वर एक खोलगट वण होता. ती म्हणायची, 'नारूचा हाय.' नारू म्हणजे पायातून बाहेर निघणारा जंत. आम्हाला लहानपणी त्यावर बोट ठेवायची भीती वाटायची.

ती सांगायची ते असं. आधी फोड आला, आगीची नुसती लाहीलाही. म्हणून बारवेच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायची, बरं वाटायचं. फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं. ते बारीक काडीला गुंडाळायचं, रोज दोन बोटं, वरून तेलाची चिंधी. घाई केली की तुटतो. तिचा अर्धा निघाला असताना काडी कडब्याच्या पेंडीत अडकली आणि तुटला. मांडीपर्यंत पाय सुजला, खाटेवरून उठवेना. त्या साली पेरणीला ती नव्हती, हे ती मरेपर्यंत काढायची. सर, तुमचं 'मेलेला जंत' वाचलं आणि आजीची काडी आठवली.

फवारणी_अण्णा

बोरीबाभळी ताई, आजीने पाय पाण्यात सोडला, तिथंच सगळी मेख आहे. मी आरोग्य खात्यात होतो, नारूच्या कामावर पायपीट केलीय.

मादी जंत हात-दोन हात लांब. पाणी लागलं की ती लाखो पिल्लं पाण्यात सोडते, आणि आग होणारा पाय माणूस पाण्यातच घालतो. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढा जीव असतो, तो पिल्लं खातो. दुसरा माणूस त्याच बारवेचं पाणी ओंजळीने पितो. वर्षभराने त्याच्या पायाला फोड. गावकरी म्हणायचे देवीचा कोप. वर्षापूर्वी प्यायलेलं पाणी कोणाच्या ध्यानात राहणार?

यावर ना लस, ना औषध. आजही नाही. आम्ही काय केलं, तर पायऱ्यांच्या विहिरींत माणसाला उतरू द्यायचं नाही, कठडा बांधून रहाट लावायचा. हातपंप घेतले. पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारायचं औषध, मापून, कारण जास्त पडलं की वासाने बाया पाणी भरत नसत. आणि घराघरात हंड्याला बारीक विणीचं कापड बांधून गाळायला शिकवलं. एक म्हातारी मला म्हणाली, 'गाळून पी हे आमच्या जैन शेठजीला आधीपासून ठावं हाय, तू काय नवीन सांगतो?' खरं होतं तिचं.

१९८४ ला देशात चाळीस हजारांच्या आसपास रुग्ण. शेवटचा जुलै १९९६ मध्ये, राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात. फेब्रुवारी २००० ला भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. जगात १९८६ साली पस्तीस लाख रुग्ण धरत होते, २०२४ ला फक्त पंधरा जण. आता चाडसारख्या देशांत कुत्र्यांना होतो, म्हणून शेवट रेंगाळलाय. आमच्या कामाचा कोणी पुतळा उभारला नाही, पण तिशीतल्या पोरांना नारू म्हणजे काय ते विचारावं लागतं, हे मला पुरेसं आहे.

बारवप्रेमी

अण्णा, दंडवत. आम्ही सुट्टीच्या दिवशी जुन्या बारवांतला गाळ काढतो, झुडपं तोडतो. तुमच्या त्या कठड्यांना आणि बुजवलेल्या पायऱ्यांना आम्ही आजवर शिव्या घातल्या. पाणी पुन्हा वापरात आलं तर नारू परतेल का?

फवारणी_अण्णा

खुशाल काढा गाळ. सायक्लॉप्स आहेतच पाण्यात, पण त्यांच्या पोटात जायला नारूची पिल्लं कुठून येणार? प्यायचं पाणी मात्र गाळून-उकळूनच, बाकीचे रोग कुठे गेलेत. आणि शिव्या घाला की, आम्हाला तेव्हा नक्षीकाम बघायला सवड नव्हती.

तुळशीमाळ

आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा नाही. भाचीचा डोळा सुजला, वर बघताना दुखायचा, एकाचे दोन दिसायचे. तपासणीत डुकराच्या पट्टकृमीची गाठ निघाली. नाव ऐकल्याबरोबर तिच्या सासूने विचारलं, 'बाहेर काय खाऊन आलीस?' पोरगी रडून रडून अर्धी झाली.

डॉ_पापणी

सासूबाईंना हे वाचून दाखवा.

अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. डोळ्यातली, मेंदूतली, कातडीखालची गाठ मांसातून येत नाही. ती त्या कृमीच्या अंड्यांतून येते, आणि अंडी असतात ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेत. त्याने हात न धुता पाणीपुरी केली, किंवा शेतात शौचाला बसला आणि तिथली कोथिंबीर तुम्ही नुसती झटकून खाल्ली, की झालं. माळ घातलेली असो वा नसो. कोबीची बदनामी इथूनच सुरू झाली. कोबीतली हिरवी अळी तुमच्या डोक्यात चढत नाही. वरची पानं काढा, वाहत्या पाण्यात धुवा, शिजवा, खा.

भाचीची गाठ डोळा फिरवणाऱ्या स्नायूत असावी. आपल्याकडे ती जागा नेहमीची. सोनोग्राफीत पाण्याची छोटी पिशवी आणि आत एक ठसठशीत ठिपका दिसतो, तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. तिथे अल्बेंडाझोल आणि सोबत स्टेरॉइड, बहुतेकांना पूर्ण उतार पडतो. पण हीच गाठ डोळ्याच्या आत, पडद्यापाशी असेल तर आधी शस्त्रक्रिया. गोळीने ती आत मेली तर सुजेने डोळाच जातो. म्हणून मेंदूतल्या गाठींसाठी गोळी सुरू करण्यापूर्वी डोळ्याचा आतला पडदा बघून घ्यावा लागतो, आणि तो बघितला गेला का हे पेशंटनेही विचारावं. स्लाइडवाला सरांच्या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन.

अवांतर: मेंढपाळ, किंवा मेंढरं बसवलेल्या रानातून गाडीवर जाणारे लोक येतात. 'डोळ्यात काहीतरी फाटकन बसलं, आता आत वळवळतंय.' जवळून बघितलं तर मिलिमीटरभर लांबीच्या अळ्या, उजेड टाकला की पापणीच्या घडीत पळतात. तो जंत नाही. मेंढीच्या नाकात अळ्या सोडणारी माशी असते, ती उडता उडता माणसाच्या डोळ्यात सोडते. भुलीचे थेंब टाकून एकेक वेचायची. आकड्यांनी घट्ट धरून बसतात, नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाहीत.

सुसेगाद_शॅक

गोव्यातून. काणकोणात आमचा शॅक आहे. पाहुण्यांच्या पायावर लाल नागमोडी रेघ उठते, रोज थोडी पुढे सरकते, रात्री खाजवून खाजवून बेजार. मागे एकाने मेणबत्तीने रेघेचं टोक भाजून घेतलं. फोड आला, रेघ दुसऱ्या दिवशी पुढे.

खरूज_नव्हे

त्वचारोगतज्ज्ञ. सुसेगादबाब, अळी रेघेच्या टोकाला नसते, ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असते. म्हणून भाजणं, बर्फ लावणं, दोन्ही वाया.

हा कुत्र्या-मांजरांचा अंकुशकृमी. त्यांची विष्ठा वाळूत पडते, ओलाव्याला अंडी फुटतात, अळी उघड्या तळव्यातून किंवा टॉवेल न अंथरता बसलेल्याच्या मांडीतून शिरते. माणसाचा अंकुशकृमी कातडी भेदून रक्तात जातो, फुप्फुसातून आतड्यात पोचतो. कुत्र्याच्या अळीला आपल्या कातडीचा खालचा थर सहसा भेदता येत नाही, म्हणून ती वरच्या मजल्यावरच चकरा मारत राहते आणि काही आठवड्यांनी मरते. तोवर थांबवत नाही कोणालाच, म्हणून गोळी देतो, आणि इथे गोळी सुरक्षित आहे. लाटा धुऊन नेतात त्या वाळूपेक्षा वरची सावलीतली ओलसर वाळू जास्त वाईट. चपला घाला, खाली चटई टाका.

आणखी एक. काही पेशंट काड्यापेटीत किंवा डबीत 'अंगातून काढलेले किडे' घेऊन येतात. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस, खपली, कापडाचे तंतू. अंगात किडे फिरतात ही त्यांची जाणीव मात्र शंभर टक्के खरी असते, म्हणून हसू नका आणि भांडू नका. त्यांना अशा व्हिडिओंचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

मुक्काम_पोस्ट

आमच्या तालुक्याच्या बाजारात एक जण दातातली आणि डोळ्यातली कीड काढायचा. रिंगणीच्या बियांची धुरी द्यायचा, ताटलीत पांढरे किडे पडायचे. गिऱ्हाईक खूश.

डॉ_पापणी

ते किडे म्हणजे त्या बियांचेच भाग. हातचलाखीवालेही असतात. आणि धुरीने भाजलेलं बुबुळ घेऊन तेच गिऱ्हाईक माझ्याकडे येतं.

आशा_वाडीवस्ती

स्लाइडवाला सर, तुम्ही मोठे लोक. पण तुमचं हे कोणी अर्धं कापून व्हॉट्सॲपवर टाकलं तर माझी पंचाईत आहे. मी आशा आहे. शाळेत-अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतो, त्यालाच आया नाही म्हणतात. आता म्हणतील, 'मोठ्या डॉक्टरनं लिवलंय, जंत मेला की पोर आंधळं होतं.' मग कोणाच्या दारात उभी राहू?

हत्तीरोगाच्या गोळ्यांचंही तेच. समोर गिळायला लावतो म्हणून लोकांना राग. मग दोघा-तिघांना ताप येतो, चक्कर येते, की भांडायला आलेच. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलंय की ज्याच्या रक्तात पिल्लं आहेत त्यालाच बहुतेक असा ताप येतो, म्हणजे गोळी कामाला लागली. ते समजावून सांगितलं की ऐकतात. तुम्ही तसं लिहा ना.

स्लाइडवाला

ताई, तुमचं बरोबर आहे आणि हे मी लेखाच्या वर ठळक अक्षरात टाकतोय. शाळेतली अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी आहे. तिथे मेलेला जंत शौचावाटे निघून जातो, डोळ्याचा किंवा मेंदूचा प्रश्न सहसा येत नाही. १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती द्यावी, चावून खायला लावावी, अगदी लहानांना चुरून द्यावी. ज्या मुलाला फिट येतात किंवा जे आजारी आहे, त्याचं तेवढं आधी डॉक्टरांना विचारावं. हत्तीरोगाच्या गोळ्याही घ्याव्यात, ताप एक-दोन दिवसांत उतरतो. माझा राग आहे तो व्हिडिओ पाहून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर. तीच अल्बेंडाझोल डोळ्यातल्या रेपेन्सला काढत नाही, आणि डोळ्याच्या आतल्या गाठीला नको तेव्हा मारते. हत्तीरोगातल्या तापाचं तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या पूर्ण लेखापेक्षा सोपं आहे. तुमच्या परवानगीने तेच वर चिकटवतो.

आशा_वाडीवस्ती

चिकटवा. फक्त माझ्या गावाचं नाव नको.

गच्चीवरची_मांजर

मग कुत्र्यांचं काय? आमचे चेअरमन व्हिडिओ दाखवून सोसायटीतली कुत्री हाकलायला निघालेत. जिन्याखाली कुत्री व्यायलीय, मुलं दिवसभर पिल्लांपाशी असतात.

गोठा_ते_क्लिनिक

पशुवैद्य. कुत्री हाकलून डास जाणार नाहीत, आणि रेपेन्स डासातूनच येतो. गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का हे चेअरमननी आधी बघावं.

पिल्लांकडून येणारा खरा प्रश्न वेगळा आहे, टॉक्सोकारा. तो गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात उतरतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक पिल्लू तो घेऊनच जन्मतं. त्याची अंडी मातीत दोन-तीन आठवडे मुरल्याशिवाय लागण करत नाहीत. त्यामुळे पिल्लू कुरवाळण्यापेक्षा बागेतली माती आणि वाळूचा खड्डा जास्त धोक्याचा, विशेषतः माती खाणाऱ्या लहान मुलांना. अळी मुलाच्या एका डोळ्यात जाऊन बसू शकते. एक डोळा तिरळा व्हायला लागला, किंवा मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर थांबायचं नाही. डोळ्याच्या कॅन्सरचीही तीच खूण आहे, तो आहे की नाही हे आधी बघतात.

उपाय सोपा आहे. पिल्लांना दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्याला जंताचं औषध, आईलाही सोबत. विष्ठा रोजच्या रोज उचला, अंडी मुरायच्या आत. मुलांना खेळून आल्यावर हात धुवायला लावा. आई पिल्लं तोडून मोकळी झाली की नसबंदीला न्या.

जिन्याखालची पिल्लं किती दिवसांची आहेत? डोळे उघडले असतील तर पहिला डोस आताच द्यायचा. प्रत्येकाचं वेगळं वजन करा, डोस वजनावर असतो. आणि स्वयंपाकघरातला काटा वापरू नका, मला फोन केला की माझा पाठवतो.

गच्चीवरची_मांजर

कालच उघडले. पाच आहेत. व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.